सरनोबतीची मिती

फाल्गुनातल्या त्या पहाटे सुळदुर्गाच्या पूर्वेकडील कड्यावर तांबूस उजेड चढू लागला, तेव्हा खालचे सारे खोरे धुक्याने भरून गेले होते आणि त्या धुक्यातून बादशाही फौजेच्या डेऱ्यांचे कळस तेवढे वर डोकावत होते. वेढ्याचा तो एकेचाळिसावा दिवस. सूर्य हातभर वर येतो न येतो तोच खानाच्या मोर्चावरून तोफ कडाडली, गोळा सदरेच्या जोत्यावर आदळला आणि उडालेली दगडाची कपची कपाळी बसून गडाचे हवालदार बयाजीराव काळोखे जागच्या जागी कोसळले.

ढवळखोऱ्याच्या राज्यात गडाचा मुख्य अधिकारी हवालदार. त्याच्या हाताखाली शिबंदीचे दोन सरनोबत असत. एक बालेकिल्ल्यावर, दुसरा माचीवर. हवालदार पडला तर राजधानीहून नवी नेमणूक येईपर्यंत, ज्याची सरनोबती आधीची त्याने गडाच्या किल्ल्या हाती घ्याव्यात, असा दंडक होता. त्यामुळे बयाजीरावांवर शेला पांघरला गेला तेव्हा सदरेवर जमलेल्या साऱ्यांच्या नजरा आपसूक एकाच माणसाकडे वळल्या. तो माणूस म्हणजे माचीचा सरनोबत धारोजी शेलार.

धारोजी चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. सहा वर्षांपूर्वी कार्तिकात गनिमाने माचीचा दरवाजा फोडला, तेव्हा त्याच दरवाजात उभे राहून त्याने चार घटका वाट अडवून धरली होती आणि त्याच संध्याकाळी त्याला सरनोबतीची वस्त्रे मिळाली होती. बालेकिल्ल्याचा सरनोबत चांगोजी मोहिते त्याचा बालमित्र. एकाच गावचे, एकाच तालमीत घुमलेले, एकाच दिवशी चाकरीला लागलेले. त्याला सरनोबती मिळाली ती पुढे तीन महिन्यांनी, माघात. गडावरचे जुने लोक हे सारे जाणून होते.

गडाचे दफ्तर सांभाळणारे सबनीस त्रिंबकपंत यांनी रिवाजाप्रमाणे नेमणुकांची वही उघडली आणि मोठ्याने वाचायला घेतले. "चांगोजी मोहिते, सरनोबती, माघ वद्य पंचमी. धारोजी शेलार, सरनोबती..." पंत थबकले. त्यांनी ओळीवर बोट ठेवले, पुन्हा पाहिले. "चैत्र शुद्ध नवमी."

सदरेवर कुजबुज उठली. धारोजी दोन पावले पुढे आला. "पंत, वाचण्यात काही चूक होते आहे. माझी सरनोबती कार्तिकातली."

"वहीत चैत्र आहे, सरनोबत. आणि तुमच्या सनदेतही चैत्रच असला पाहिजे, कारण ही नोंद सनदेवरूनच उतरली आहे."

धारोजीच्या घरून सनद आणली गेली. पंतांनी ती उलगडली, मुद्रा पाहिली आणि मान खाली घातली. सनदेत चैत्रच होता.

तेव्हा धारोजीने चांगोजीकडे पाहिले. कारण ती सनद चांगोजीनेच आणलेली होती. थोरले राजे वारले, नवे राजे गादीवर आले आणि नव्या मुद्रेसाठी साऱ्या सनदा राजधानीला मागवल्या गेल्या, तेव्हा दोघांच्या सनदा घेऊन चांगोजीच गेला होता. धारोजीला अक्षरओळख नव्हती. चांगोजी मात्र लहानपणी मामाकडे राहून लिहावाचायला शिकला होता. परत आल्यावर धारोजीच्या ओसरीवर मांडी घालून त्याने नवी सनद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवली होती, आणि त्या वाचनात कार्तिक शुद्ध दशमी स्पष्ट होती. धारोजीच्या बायकोने, सखूबाईने, त्या दिवशी दोघांना गूळ-खोबरे दिले होते.

चांगोजीने त्याची नजर चुकवली. मग तो पुढे झाला, बयाजीरावांच्या कमरेच्या किल्ल्या त्याने सोडवल्या आणि म्हणाला, "दंडक तो दंडक. लढाई चालू आहे, वाद घालायची ही वेळ नव्हे."

दुपारी बालेकिल्ल्याच्या बुरुजावर धारोजीने त्याला एकटे गाठले.

"तू मला कार्तिक वाचून दाखवलास, चांगू."

"हो."

"आणि लिहिला होता चैत्र."

"राजधानीतल्या लेखकाने चूक केली, धारू. नवी मुद्रा उमटली त्या दिवसाची मिती त्याने तुझ्या सरनोबतीची म्हणून घातली. मी काही त्याचा हात धरला नव्हता."

"पण तू ती पाहिलीस."

चांगोजी खोऱ्याकडे वळला. "पाहिली. वाटेत, नदीकाठी घोड्याला पाणी पाजताना पाहिली. परत फिरावे असे मनातही आले. मग वाटले, जन्मभर मी तुझ्या मागे. तालमीत मागे, लढाईत मागे, सरनोबतीत तीन महिने मागे. एकदा नशिबाने पुढे टाकले, तर मी कशाला आपण होऊन मागे जाऊ? तुला ते कधी कळणारही नव्हते."

लढाईत त्याच्या अंगावर सात वार झाले होते आणि त्यातला प्रत्येक कोणी केला ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते. हा वार सहा वर्षे त्याच्या अंगावर होता आणि त्याला पत्ताही नव्हता. या सहा वर्षांत त्याने याच माणसाच्या मुलीच्या लग्नात पंगत वाढली होती. तो वळला आणि माचीवर चालता झाला.

एवढ्यावर भागले असते, तर धारोजीने हा घाव कदाचित मुकाट्याने गिळला असता. पण चार दिवसांनी गोळ्यांच्या माऱ्याने गडाच्या मोठ्या टाक्याला तडा गेला, अर्धे पाणी वाहून गेले आणि भर दुपारी पांढरे निशाण घेऊन खानाचा वकील दिंडी दरवाजातून वर आला. तो चांगोजीबरोबर दीड प्रहर बोलत बसला. तो उतरून गेल्यावर चांगोजीने त्रिंबकपंतांना बोलावून सांगितले, "कौलनामा लिहा. येत्या द्वादशीला गड खाली करून द्यायचा. शिबंदीला हत्यारासह वाट मिळेल."

"आणि आपणांस?" पंतांनी विचारले.

"मला बादशाही मनसब मिळेल. त्यात वाईट काय? पाणी पंधरा दिवसांचे आहे, पंत. मी माणसे वाचवतो आहे."

"लहान टाकी अजून भरलेली आहेत. काटकसर केली तर दोन महिने निघतील."

"लिहा म्हटले ना."

"आज हात कापतो आहे," पंत म्हणाले. "उद्या लिहितो."

पंत तिथून निघाले ते थेट माचीवर गेले. तिथे धारोजीचे लोक त्याच्याभोवती जमलेच होते. त्यांतला खंडोजी सावळे नावाचा नाईक तावातावाने बोलत होता, "तुमचा नुसता शब्द होऊ द्या, सरनोबत. अर्ध्या घटकेत किल्ल्या आणून तुमच्या पायांवर ठेवतो."

"आणि बालेकिल्ल्यावरचे लोक गप्प बसतील?" धारोजी म्हणाला. "गनीम दारात असताना गडावर आपसात तलवार चालली, तर खानाला गोळा उडवायची गरजच उरणार नाही. कागद त्याच्या बाजूचा आहे, खंडोजी. मी हात उचलला तर मी फितूर ठरतो."

त्रिंबकपंतांनी काखेतले रुमालात बांधलेले बाड पुढे ठेवले. पंत चोपन्न वर्षांचे, दम्याने बेजार. दहा पायऱ्या चढल्या की बसावे लागे.

"हा त्या सालचा रोजनामा," ते म्हणाले. "माझ्या आधीच्या सबनिसांच्या हातचा. आज सकाळपासून शोधत होतो, सापडला. कार्तिक शुद्ध दशमी, माचीची लढाई, धारोजी शेलार यास सरनोबतीची वस्त्रे दिली. खाली कैलासवासी बयाजीरावांचा शिक्का. मी या गडावर आलो तेव्हा नेमणुकांची वही नव्याने लिहिली, ती नुसत्या सनदा पाहून लिहिली. रोजनामा ताडून पाहिला असता, तर चूक तेव्हाच उमगली असती. मी आळस केला. दोष माझाही आहे, सरनोबत."

"मग आता वहीत दुरुस्त करा."

"राजमुद्रेचा कागद फिरवायचा अधिकार मला नाही. तो राजमंडळाला. पण हा रोजनामा त्यांच्यापुढे ठेवणे माझ्या हातात आहे. मागच्या कड्यावरून दोर सोडा."

"तुम्ही उतरणार? पंत, तिथून घोरपडसुद्धा जपून उतरते. रोजनामा द्या, मी माणूस धाडतो."

"राजमंडळापुढे तुमच्या माणसाची साक्ष चालणार नाही. दफ्तराची चूक दफ्तरदारानेच कबूल करावी लागते."

दुसऱ्या सकाळी, धुके कड्याला चिकटून होते तोवर, रोजनामा पोटाशी बांधून त्रिंबकपंत दोराने उतरले. मधल्या कपारीवर त्यांना धाप लागली. दोर कितीतरी वेळ हलेना. वर खंडोजीने डोळे मिटून घेतले. मग दोराला तीन हिसके बसले. पंत तळाशी पोहोचले होते. तिथून राजधानी तीन मजला, म्हणजे तीन दिवसांच्या वाटेवर होती.

सबनीस गडावर नाहीत हे चांगोजीला दोन दिवसांत कळले, आणि ते कुठे गेले असतील हे त्याला सांगावे लागले नाही. त्याने खानाला निरोप धाडला आणि द्वादशीचा वायदा अलीकडे ओढून अष्टमीवर आणला.

अष्टमीला उजाडता उजाडता गडाच्या महादरवाजाखाली बादशाही स्वार रांगा धरून उभे राहिले. किल्ल्या घेऊन चांगोजी दरवाजापाशी आला, तो दरवाजाच्या अडसराला पाठ लावून धारोजी उभा. त्याने तलवार म्यानासकट काढून समोरच्या फरसावर ठेवली होती.

"बाजूला हो, धारू."

"मी हत्यार उचललेले नाही. तुझा हुकूम मोडत नाही. मी फक्त इथे उभा आहे. दरवाजा उघडायचा तर मला आडवा करून उघड."

"हा गडाच्या हवालदाराचा हुकूम आहे!" चांगोजी आपल्या लोकांकडे वळून ओरडला. "ओढा याला!"

कोणी हलले नाही. बालेकिल्ल्याचे लोक एकमेकांकडे पाहत राहिले. ऊन वर आले, तट तापला, खालून दोनदा खानाचे शिंग वाजले. चांगोजीने समजावले, धमकावले, शेवटी लहानपणी दोघांनी घेतलेली दोस्तीची शपथ घातली. त्या शपथेवर धारोजी पुन्हा बोलला. "ती शपथ नदीकाठी घोड्याला पाणी पाजताना आठवायची होतीस."

चांगोजीने तलवार उपसली. तो वार भीतीचा होता की संतापाचा, हे त्यालाही पुढे सांगता आले नसते. धारोजीने डावा हात आडवा धरला. हाताची दोन बोटे फरसावर पडली. तो अडसरापासून तसूभरही सरकला नाही. रक्त पाहिले आणि चांगोजीच मागे हटला, तटाला टेकला आणि आपल्या हातातल्या तलवारीकडे बघत राहिला.

धारोजीच्या पागोट्याची पट्टी फाडून खंडोजी त्याचा हात बांधत होता, तेवढ्यात मागच्या कड्यावरच्या पहारेकऱ्याची हाळी आली. दोन घटकांनी चार जणांनी उचलून त्रिंबकपंतांना महादरवाजाशी आणले. तळवे सोलले होते, धाप लागून ओठ निळे पडले होते, पण छातीशी राजमुद्रेचा लखोटा होता.

"वाचा, पंत," धारोजी म्हणाला. "मोठ्याने वाचा."

पंतांनी वाचले. "रोजनामा पाहता असे निदर्शनास आले की, लेखकाच्या नजरचुकीने नूतन मुद्रेची मिती हीच सरनोबतीची मिती म्हणून लिहिली गेली. ते लिहिणे रद्द. धारोजी शेलार यांची सरनोबती कार्तिक शुद्ध दशमीपासून जाणावी, व त्या मितीपासूनचा सर्व मान व वडीलकी त्यांची जाणावी. गडाच्या किल्ल्या त्यांचे स्वाधीन कराव्यात."

धारोजी म्हणाला, "आता हाच कागद तुमच्या कारकुनाकडून वाचून घ्या."

पंतांनी चमकून त्याच्याकडे पाहिले. मग त्यांना कळले, आणि त्यांनी कागद कारकुनाच्या हाती दिला. कारकुनाने अक्षर न अक्षर तेच वाचले. तेव्हा कुठे धारोजीने उजवा हात पुढे केला, आणि चांगोजीने किल्ल्या त्या हातावर ठेवल्या.

खानाच्या शिंगाला त्या दिवशी उत्तर मिळाले ते तोफेचे. लहान टाक्यांतले पाणी माणशी मोजून दिले गेले आणि सुळदुर्ग आणखी सदतीस दिवस लढला. अडतिसाव्या दिवशी राजांच्या फौजेने खानाची रसद मारली, आणि वेढा उठला.

चांगोजीचे काय करायचे ते राजमंडळाने धारोजीवर सोपवले होते. वेढा उठल्याच्या दुसऱ्या सकाळी त्याला दिंडी दरवाजाशी आणले गेले. लोकांना वाटले, कडेलोट होणार. धारोजीने दिंडी उघडायला लावली.

"जा," तो म्हणाला.

"धारू, एक शब्द ऐकून घे..."

"तुझ्या तोंडून ऐकून घेण्याची माझी सवय गेली," धारोजी म्हणाला. "जा."

पुढे नऊ वर्षांनी, धारोजी सुळदुर्गाचा कायम हवालदार असताना, कोकणातून आलेल्या एका वाटसरूने बातमी आणली की चांगोजी मोहिते समुद्रकाठच्या कुठल्याशा गावी तापाने वारला. धारोजी सदरेवर बसला होता. त्याने वाटसरूला जेवायला घालण्यास सांगितले, सदर मोडली आणि तो घरी गेला. परसात त्याने डोक्यावरून गार पाणी ओतून घेतले, जसे घरातले माणूस गेले म्हणजे घेतात.

सखूबाईने कोरडे धोतर पुढे केले. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "माफ केलेत म्हणायचे त्यांना?"

"नाही," धारोजी म्हणाला. "आंघोळ केली, एवढेच."