झाकणावरचं नाव

"झाकण खाली ठेवा!"

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडबाहेर वडशाला जाणाऱ्या जीपमध्ये संघप्रियाने पातेलं नुकतंच टेकवलं होतं. वळून बघते तो ड्रायव्हर झाकण उचलून आत नाक खुपसून उभा!

"वास आला न बाई... म्हणून पाह्यलं."

"गोळाभात आहे. वाफ गेली की गोळे वातड होतात. आता जेवणाऱ्यांले तुमीच सांगा, काऊन झाले ते!"

"सांगतो," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हणतो, वासानं फसवलं. माहा काही दोष नाई."

संघप्रियाला हसू आलं नाही. निदान त्याला दिसेल असं तरी नाही.

तो प्रफुल. रोज वैनगंगेचा पूल ओलांडून सवाऱ्या नेणारा. आणि ती रसायनशास्त्र शिकलेली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत चार वर्षं कंत्राटावर राबलेली. कंत्राट संपलं तेव्हा तिने आईच्या चुलीचा ताबा घेतला. खाण्याची आणि खिलवण्याची हौस होतीच. आता तिने त्या हौशीचाच धंदा केला. डाळीचा भरडा किती जाड, भाताला गोळ्यांबरोबर किती मिनिटं दम द्यायचा, सगळं मोजूनमापून. प्रत्येक झाकणावर ती चिठ्ठी चिकटवायची: 'संघप्रिया रामटेके, ब्रह्मपुरी', खाली फोन नंबर आणि शिजल्याची वेळ.

त्या दिवसापासून तिच्या ऑर्डरी प्रफुलच नेऊ लागला. स्वतःच नव्या आणूही लागला. पातेली परत आणायचा तीही भरलेली... कधी बोरं, कधी चारोळीची चारं, चैत्रात ओंजळभर मोहफुलं.

"हे काय?"

"रिकामं भांडं परत देऊ नाई म्हणते माही माय."

"आणि जेवणारे काय म्हणतात?"

"बोटं चाटून राह्यले होते."

ती पातेलं घासायला घ्यायची आणि मोहाचा वास दिवसभर हाताला राहायचा. एकच गोष्ट तिला खटकायची. इतकी माणसं बोटं चाटतात, मग फोन एकालाही का करावासा वाटत नाही? दर वेळी निरोप यायचा तो प्रफुलच्याच तोंडून.

वडशापुढच्या एका गावात गुणवंतरावांच्या मुलीचा, करिष्माचा, साखरपुडा होता. गोळाभात गेला आणि वर ओतायच्या फोडणीच्या तेलाचा डबा घरीच राहिला. संघप्रिया डबा घेऊन पुढच्या बसने निघाली.

मांडवात पंगत बसली होती. पातेली ओळीने मांडलेली. तिचीच. पण झाकणं कोरी होती... चिठ्ठ्यांच्या जागी नुसते गोंदाचे डाग.

"प्रफुल," गुणवंतराव म्हणत होते, "तुह्या काकूच्या हाताले काय चव हाये गा!"

प्रफुलने तिला पाहिलं आणि त्याच्या हातातला पाण्याचा जग तसाच राहिला.

तिला एका क्षणात सगळं कळलं. आपल्या रांधण्याला काकूचं नाव का लागलं, आणि जात सांगणारं आपलं आडनाव का निघालं. तिने तेलाचा डबा खाली ठेवला, पर्समधून चिठ्ठ्या काढल्या आणि भर पंगतीत एकेका झाकणावर चिकटवल्या. प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटल्यांना लावायची तशाच, काठ नीट दाबून.

"हे मी केलं आहे. संघप्रिया रामटेके. जेवायचं असेल त्यांनी नाव वाचून जेवा."

मग पाट सरकले. चौदा जण उठले, तिने मोजले. गुणवंतराव मान खाली घालून ताटाकडे बघत राहिले. तेवढ्यात करिष्माचा आवाज आला, "ताई, मले अजून एक गोळा वाढा. तेल जास्त टाका."

संघप्रियाने वाढलं. शेवटच्या पानापर्यंत वाढलं आणि मगच ती रस्त्याकडे चालू लागली. प्रफुल मागे धावला.

"ऑर्डरी तुटल्या असत्या हो..."

"तुटल्या असत्या तर तुटल्या असत्या! माझ्या होत्या."

"तुमच्या भल्यासाठीच केलं मी —"

"माझ्या भल्यासाठी माझं नाव फाडलं?"

"लोकं असे हाय. मी काय करू?"

"लोकांचं मले लहानपणापासून माहीत आहे," ती म्हणाली. "तुमचं माहीत नव्हतं."

बस आली. ती चढली. पातेली तिकडेच राहिली.

नऊ दिवस ती संतापानेच स्वयंपाक करत होती. डबे बसने पाठवत होती. मोहाचा बहर ओसरत आला होता, तरी कुठूनसा वास यायचाच, आणि त्याचाही तिला राग यायचा.

दहाव्या दिवशी सकाळी प्रफुल दारात उभा राहिला. पातेली एकात एक घातलेली, झाकणं छातीशी धरलेली.

"रिकामी आणली," तो म्हणाला. "या बारीनं झाकणं पाहा."

तिने एक हातात घेतलं. पितळेवर ठिपक्याठिपक्याने ठोकून नाव कोरलेलं होतं — संघप्रिया रामटेके, ब्रह्मपुरी. पाचही झाकणांवर.

"हे फाडता येत नाई," तो हळूच म्हणाला. "माह्याच्यानंही."

तिने नावावरून बोट फिरवलं. खाली बोटभर जागा कोरी होती.

"ही काऊन सोडली?"

"भांडेवाला विचारत होता, 'कोणाकडून भेट' ते लिहू का. मी म्हटलं, थांब... आधी तिले विचारतो."

चुलीवरचं पातेलं उगाचच मोठ्याने खदखदल्यासारखं वाटलं.

"माझ्याबद्दल घरी सांगितलं?"

"पुऱ्या नावानं सांगितलं. बाबा दोन दिवस बोलले नाई. तिसऱ्या दिवशी विचारते, आपण खाल्ला तो गोळाभात तिनंच केला होता का."

"त्यांनी खाल्ला होता?"

"दोनदा."

"काकूचा म्हणून!"

"काकूचा म्हणूनच," तो म्हणाला. खोटं बोलला नाही. तेवढं तिने पाहिलं.

"मग ऐक," ती म्हणाली. आजवरचं 'तुमी' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही. "आज पातेलं तुझ्या घरी जाईल. बाबांनी झाकणावरचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि मग जेवायचं. मी वाढायला येते. ते जेवले, की त्या कोऱ्या जागेचं बघू."

"आणि नाई जेवले तर?"

"तर तू जेव. त्यांच्यासमोर. नाव वाचून."

प्रफुल हसला आणि त्याचा हात सवयीने चुलीवरच्या पातेल्याकडे गेला.

"झाकण ठेव खाली!" ती कडाडली. "अजून सात मिनिटं आहेत."

तो चुलीसमोर बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवून, घड्याळाकडे बघत... आणि मधूनच तिच्याकडे.