मागे अजून एक आहे

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट जरा बरा केला असता.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. मागच्या सप्टेंबरातली, लख्ख दुपारची. कोलोरॅडोतल्या सान वान डोंगरांत, रेड म्यूल घाटात घडलेली.

या घाटात एका वेळी एकच गाडी मावते. एका बाजूला कडा. दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

त्यामुळे आमच्याकडे एक रीत आहे. उतरणाऱ्याने जरा रुंद जागा बघून कडेला थांबायचं, चढणाऱ्याने पुढे जायचं. आणि जाताना आपल्यामागे किती गाड्या आहेत, ते बोटांनी दाखवायचं. दोन बोटं म्हणजे अजून दोन. मूठ म्हणजे मागे कोणी नाही. मूठ दिसेपर्यंत थांबलेला माणूस हलत नाही.

मी आणि माझा नवरा एमेट कायम दोन जीपनी घाट चढायचो. एका गाडीत बसलो की वळणावळणाला भांडायचो, म्हणून. मी पुढे, तो मागे. मी एक बोट दाखवायची, तो मूठ.

त्या वर्षी मार्चमध्ये एमेट गेला. कॉफी ओतता ओतता. त्याची हिरवी जीप तेव्हापासून शेडमध्ये आहे, बॅटरी काढलेली.

आमची जोलीन लगेच मागे लागली. "आई, तुझी जीपही विकून टाक आणि माझ्याकडे ये राहायला."

"तुझ्याकडे येऊन काय करू? लिफ्टमध्ये वर-खाली?"

"बाबा मागे असायचे म्हणून तू चालवायचीस. एकटीने घाट ओलांडून दाखव. मग ठेव ती गाडी. मी परत विषय काढणार नाही."

"ठरलं," मी म्हणाले.

म्हणून मी निघाले. एकटी.

अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती. मागच्या सीटवर सँडविच, थर्मास. भांडायला कोणी नाही. फार शांत वाटत होतं... नको इतकं शांत.

झाडं संपली तिथे वरून एक पांढरा पिकअप आला. आतला दाढीवाला कडेला थांबला. मी पुढे झाले, हसले, हात वर केला...

एक बोट.

वळण पार केल्यावर डोक्यात उजेड पडला. अगं बये! मागे आहे कोण?

आता तो बिचारा थांबणार. डोंगरामागून काळे ढग वर येत होते. त्या उघड्यावर वीज पडते, माणसं मरतात. आणि मला तर वळायलाही जागा नव्हती.

मी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. हाक मारून पाहावं म्हणून काच खाली केली.

तेवढ्यात शीळ ऐकू आली.

त्या दगडांत मार्मोट राहतात. मांजराएवढे, गुबगुबीत. गाडी आली की शीळ घालून एकमेकांना सावध करतात. माझ्यासाठी मघाशीच घातली होती.

ही दुसरी होती... खालच्या वळणावरून.

मग खडी चुरचुरली. हळूहळू. जड गाडीच्या चाकांखाली चुरचुरते तशी.

मग तीही थांबली.

माझा धुरळा केव्हाच बसला होता. खालच्या वळणावर मात्र नवा उठत होता. मी बघत राहिले. वळणातून कोणीच बाहेर आलं नाही.

हाक मारायची हिंमत झाली नाही. किल्ली फिरवली आणि निघाले. मी निघाले, तशी खडी पुन्हा चुरचुरली.

माथ्यापर्यंत मी आरशात पाहिलं नाही.

परत आले ती लांबच्या डांबरी रस्त्याने. घाटाच्या पायथ्याशी गावातल्या कॅफेसमोर तोच पांढरा पिकअप उभा होता. जिवंत आहे, बरं झालं! माफी मागायला आत गेले. दाढीवाला पीचची पेस्ट्री खात होता.

"अहो, माफ करा. मी सवयीने बोट दाखवलं. तुम्हाला उगाच थांबावं लागलं."

"उगाच कसं, बाई? आले की ते."

"...कोण?"

"तुमच्यामागचे. हिरवी जीप. खिडकीबाहेर कोपर काढून आरामात चालले होते. मी म्हटलं, आजोबा, वर पाऊस आहे, जरा गाडी दामटा! तर हसले नुसते."

"हात... हाताने काय दाखवलं त्यांनी?"

त्याने काटा खाली ठेवला. मूठ वर केली.

रात्री जोलीनचा फोन आला. "ओलांडलास?"

"ओलांडला."

"एकटीने?"

"आवाज येत नाहीये गं नीट," म्हणत मी फोन ठेवला.

जीप माझ्याकडेच आहे. जोलीनने शब्द पाळला. मी पाळला की नाही, ते मला माहीत नाही. शेडचं दार अजून उघडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा घाट चढले. वरून एक गाडी आली, कडेला थांबली. ड्रायव्हर माझ्या हाताकडे बघत होता.

बोट दाखवू, की मूठ? मला ठरवता येईना. दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवून पुढे गेले.

या वेळी मात्र आरशात पाहिलं.

तो अजून तिथेच थांबला होता. मान खालच्या वळणाकडे.

मग त्याने हात वर केला... ओळखीचं कोणी दिसल्यासारखा.

रस्ता रिकामा होता.