चहाची अढी

आखातातल्या मराठी माणसाला "परत कधी जाणार?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पुढच्या वर्षी. मृणालिनी आणि शैलेंद्र यांचं हे पुढचं वर्ष बरीच वर्षं चाललं होतं. आधी गाडीचं कारण झालं, मग ईशानीच्या शाळेचं, मग शैलेंद्रच्या प्रमोशनचं. शेवटी या उन्हाळ्यात मृणालिनीनं हट्टच धरला. दुबई मरीनातल्या त्या फ्लॅटमध्ये तिचा जीव घुसमटायला लागला होता. समोर एवढा समुद्र, पण खिडकी उघडणार फक्त चार बोटं, कारण उंच इमारतीत तसा नियम. तीही उन्हाळ्यात उघडायची सोय नाही, बाहेरून भट्टीची धग आत येते. "मला एकदा पूर्ण उघडलेल्या खिडकीत उभं राहायचंय, बास," असं ती म्हणाली आणि रडली. शैलेंद्र घाबरला. त्यानं पुण्यातली नोकरी पक्की केली आणि शनिवार संध्याकाळची तिकिटं काढली.

शुक्रवार हा तिचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. जबल अलीतल्या एका चहाच्या कंपनीत ती टी-टेस्टर होती. लोक दुबईत येऊन अत्तरं घेतात, ही बाई साधी पावडर लावत नसे. कामाच्या दिवशी कांदा-लसूण बंद, सुवासिक साबण बंद. चैन म्हणाल तर एकच. सांगलीची मावशी माका-जास्वंदाचं तेल घरी उकळून पाठवायची, ते शनिवारी डोक्याला चोपडायचं आणि रविवारी धुऊन टाकायचं. मावशीचं लक्ष हमखास टीव्हीकडे असायचं, त्यामुळे ते तेल दर वेळी थोडं करपलेलं असे. असं तेल जगात दुसरं नव्हतं, आणि मृणालिनीला त्या करपलेल्या वासाचाच लळा होता.

दुपारी गोडाऊनचे मॅनेजर मुश्ताकभाई एक गोल, थाळीसारखी चपटी वडी घेऊन आले. ते मूळचे हर्णैचे, पण आता जबल अलीतच मुरलेले. वडीवरच्या कागदावर कुणाचंच नाव नव्हतं.

"मॅडम, यल्ला, हे एक लास्ट सॅम्पल बघून टाका. मग तुम्ही फ्री. खलास."

"काय आहे?"

"पु-एर. पिकवलेला. कुरियरच्या बॉक्समध्ये बाकीच्या सॅम्पलबरोबर आला. कुणी पाठवला, ते विचारतोय मी."

पिकवलेला पु-एर म्हणजे चीनच्या युनानमधला काळा चहा. मुश्ताकभाई त्याला 'चहाची अढी' म्हणायचे, आणि ते खरंच होतं. आंब्याची अढी लावतात तसा पानांचा ढीग रचायचा, त्यावर पाणी मारायचं, गोणपाटानं झाकायचं. आत अशी ऊब धरते की हात ठेववत नाही. ढीग अधूनमधून उलटायचा, पुन्हा झाकायचा. काही आठवड्यांत पानं काळपट होतात, मग त्यांना वाफ देऊन दाबून वड्या पाडायच्या आणि वर्षानुवर्षं मुरत ठेवायच्या. या चहाची एक खोड आहे. जिथे ठेवाल तिथला वास तो पिऊन घेतो. म्हणून स्वयंपाकघराजवळ तो कुणी ठेवत नाही. आणि मृणालिनीची ख्याती हीच होती, की घोटभर चाखून ती तो चहा कुठे, कसल्या जागेत मुरला ते सांगायची.

तिनं टोच्यानं वडीचा कोपरा उकलला. पानं झाकणाच्या चिनी कपात घातली, उकळतं पाणी ओतलं आणि ते पहिलं धुवण टाकून दिलं. दुसरं पाणी ओतून लगेच गाळलं. रंग गडद, डाळिंबाच्या सालीसारखा तांबूस काळा. तिनं चमच्यानं सुर्रकन ओढला. ओली माती, जुनं लाकूड, मागून पिंडखजुराचा गोडवा. कडूपणा औषधालाही नाही.

"सुरेख आहे हो," ती म्हणाली.

पुढच्या पाण्यात साठवणीचा वास वर आला. कोरडी, कोंडलेली, एसीतून फिरून आलेली हवा. गिझरच्या कोमट पत्र्याचा वास. "मुश्ताकभाई, हा इथेच मुरलाय. दुबईत. लहानशी खोली आहे, बिनखिडकीची."

"माशाल्ला. आता दरवाज्याचा कलर पण सांगा."

ती हसली आणि पुढचं पाणी ओतलं. आता त्यात माणसाचा वास आला. यात नवल नाही. गोदामात माणसं वावरतातच. पण त्यांच्याबरोबर साबण येतो, डब्यातलं जेवण येतं, बाहेरची धूळ येते. यात तसं काही नव्हतं. एक माणूस होतं आणि ते कधी बाहेर गेलेलं नव्हतं. कधी जेवलेलं नव्हतं.

आणि डोक्याला तेल होतं. माका, जास्वंद. जरासं करपलेलं.

तिनं कप खाली ठेवला. आपल्याच हातांना तेलाचा वास असेल, असं तिला वाटलं. ती उठली, हात कोपरापर्यंत गरम पाण्यानं धुऊन आली. केस तर रविवारीच धुतले होते. "तुम्ही करा," ती मुश्ताकभाईंना म्हणाली. "मी लांब बसते."

त्यांनी नवा कप घेतला, नवी पानं घेतली, सगळं पहिल्यापासून केलं. चौथ्या पाण्याला ते थांबले. "हेअर ऑइल आहे," ते म्हणाले. "आपल्याकडचं. पण जळलंय जरा."

मृणालिनीला आता तिथून निघून जायचं होतं. तरी ती उठून पुन्हा टेबलाशी आली, कारण अर्धवट चाखलेला नमुना सोडायची तिला सवय नव्हती.

पु-एरची पानं पुष्कळ वेळा उतरतात आणि दर पाण्याला चहा फिका होत जातो. वास मात्र उलटे निघतात. अलीकडचे वरच असतात, ते आधी सुटतात. सगळ्यात जुने, वडी पहिल्यांदा जागेवर ठेवली तेव्हाचे, ते अगदी शेवटी. तिनं पाण्यावर पाणी ओतलं. तीच खोली. तीच बाई. तेल कुठे जास्त, कुठे कमी. बाकी काही नाही. वर्षंच्या वर्षं काही नाही.

मग चहा पिवळट झाला आणि, आता यात काय उरलंय असं वाटावं अशा पाण्याला, एकदम सगळं आलं. हिंगाची फोडणी. पुरुषाचा दाढीचा साबण. स्विमिंग पूलचं क्लोरीन, तेही लहान मुलाच्या ओल्या केसांतलं. आणि नवे कोरे खोके, त्यांना लावलेली चिकटपट्टी.

मुश्ताकभाईंनीही तो घोट घेतला. "ही तर फॅमिली आहे," ते म्हणाले. "मग मधे सगळी गेली कुठे?"

"पहिल्या दिवशी होती," मृणालिनी म्हणाली. "फक्त पहिल्या दिवशी. मग ती एकटीच."

"किती वर्षं?"

"तुम्हीच पानं बघा."

त्यांनी भिजलेलं पान बोटावर पसरलं. "वीस वर्षं तरी झाली असतील याला." मृणालिनी राहत होती तो टॉवर ईशानीच्या वयाचा होता, आणि ईशानी नऊ वर्षांची, म्हणजे ही खोली तिच्या घरातली असणं शक्यच नव्हतं.

टेस्टर चहा गिळत नाहीत, चाखून थुंकतात. तिनं पायाजवळच्या भांड्याकडे पाहिलं. भांडं कोरडं होतं. तिनं सगळाच्या सगळा चहा गिळला होता आणि तिला पत्ता नव्हता.

"हा परत पाठवा," ती म्हणाली. "माझ्या सामानात येऊ देऊ नका. फेअरवेल गिफ्ट म्हणूनसुद्धा नको. तुम्हाला माझी शपथ आहे, मुश्ताकभाई."

 त्यांनी उरलेली वडी तिच्यादेखत सॅम्पलच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पर्स उघडून तिनं स्वतः तपासली. मग ती घरी गेली.

घरी शैलेंद्र फोन हातात घेऊन वाटच बघत होता. "ऐक ना, ऑफिसवाले म्हणतायत, एकच वर्ष एक्स्टेंड करा..."

"उद्या," मृणालिनी म्हणाली. "म्हणजे उद्याच."

चहाचं तिनं त्याला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? की कपात आपण होतो?

शनिवारी सकाळी तिला हलकं वाटत होतं. नोकरी संपली, आता नाकाची मिजास कोण सांभाळतो! उठल्या उठल्या तिनं मावशीचं तेल चांगलं मुरवून लावलं. पॅकर्सची माणसं खोके चिकटवून खाली नेत होती. स्वयंपाकघरामागची स्टोअर रूम काल रात्रीच रिकामी झाली होती, तिथे आता फक्त भिंतीतली फळी आणि वरचा गिझर उरला होता. तिनं शेवटचं म्हणून आमटी-भात केला. ईशानीनं लास्ट स्विम, लास्ट स्विम करून डोकं खाल्लं, म्हणून तिला खाली सोडलं. शैलेंद्र विमानात बसायचं म्हणून दाढी करून आला आणि आमटी वाढून घ्यायला तिच्या शेजारी उभा राहिला. तेवढ्यात ईशानी ओल्या केसांनी येऊन तिच्या कमरेला बिलगली.

मृणालिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. सगळं होतं. हिंग, साबण, क्लोरीन, खोके, आणि तिचं तेल. सगळं आज, एका जागी.

"चला," ती म्हणाली. "आत्ता. टॅक्सी बोलव."

"अगं, फ्लाइट संध्याकाळची आहे. एअरपोर्टवर जाऊन काय करायचं?"

"बसायचं. तिथे बसू. शैलेंद्र, मी पाया पडते तुझ्या, पण आत्ता निघू."

इतक्या वर्षांच्या संसारात ती असं कधी बोलली नव्हती. त्यानं ताट तसंच सिंकमध्ये ठेवलं आणि टॅक्सी बोलावली. उरलेले खोके पॅकर्सनी नेले. बॅगा दाराशी आल्या. मृणालिनी सगळ्यात आधी चपला घालून बाहेरच्या दाराशी उभी राहिली. पासपोर्ट हातात होते, दार उघडं होतं, समोर लिफ्ट दिसत होती. आता एक पाऊल टाकलं की झालं, असं तिला वाटलं आणि तिला हसूच आलं.

"ईशानी कुठेय?" शैलेंद्रनं विचारलं.

"ईशानी!"

उत्तर आलं नाही. बेडरूममध्ये नाही, हॉलमध्ये नाही. स्वयंपाकघराकडे वळताना तिला तो वास आला. ताज्या अढीचा. ओली पानं, गोणपाट, आंबूस ऊब. स्टोअर रूमचं दार अर्धवट उघडं होतं. लपायचं झालं की ईशानी नेहमी तिथेच शिरायची.

आत जायचं नाही हे मृणालिनीला पक्कं कळत होतं. पण पोर आत असेल तर?

तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच हाक मारली. मग दिव्याच्या बटणासाठी हात आत घातला. बटण लागलं नाही. तिनं एक पाय आत टाकला. मग दुसरा.

फळीवर हात पडला. काहीतरी गोल होतं. दमट, आणि अंग तापल्यासारखं गरम.

मागे दार लागलं.

"कमिंग, आई! आय वॉज इन द बाथरूम!" ईशानीचा आवाज बाहेरून आला, दूरच्या टोकाकडून.

मृणालिनीनं दार ओढलं. मूठ फिरत होती, दार हलत नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं. हात दुखले, पण आवाज झाला नाही. ती ओरडली. तोही आवाज तिला ऐकू आला नाही.

बाहेरचं मात्र सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. बॅगांची चाकं. लिफ्टची घंटी.

"मृणालिनी, चल, लिफ्ट आली," शैलेंद्र म्हणाला.

"आले, आले. गॅस बंद आहे ना तेवढं बघते."

तो तिचाच आवाज होता. थोडा दमलेला, जरासा खूश. पावलं स्वयंपाकघरात आली, शेगडीपाशी थांबली, आणि परत फिरली.

"आई, डिड यू चेक द स्टोअर रूम?" ईशानीनं विचारलं.

"बघितली," तो आवाज म्हणाला. "रिकामी आहे."