चोवीस व्होल्टची लाइन

वीज कडाडली आणि आमच्या गेटच्या मोटरने मान टाकली. तिचा बोर्ड घेऊन मी सुट्या भागांच्या दुकानात शिरले. काउंटरवरच्याने बोर्ड नाकाशी धरला. "जळालाय बिचारा! नव्याला टीव्हीएस डायोड लावा. झटका आला की तो आपल्या अंगावर घेतो."

खरं तर हेच मी इलेक्ट्रॉनिक्सच्या क्लासात शिकवते. दर शनिवारी, फळ्यासमोर उभी राहून. पण हसताना त्याचा एक गाल आत जात होता... आणि मी बावळटासारखी म्हणाले, "अय्या, म्हणजे काय हो?"

झालं! गडी खुलला.

"तीन प्रश्न विचारायचे. लाइन किती व्होल्टची? मागची चिप किती सोसते? आणि झटका केवढा?"

"लाइन चोवीसची. मग अठराचा चालेल?"

"अहो गेटवाल्या बाई, तो नुसता तापून मरेल! चोवीसच्या वरचा घ्या. पण फार वरचा नको, तो जागा होईपर्यंत चिप गेलेली असेल."

मग काय, दर आठवड्याला माझी फेरी ठरलेली. मुद्दाम भलताच नग मागायचा—कधी बाराचा, कधी साठचा—आणि हनुवटीला हात लावून ऐकत बसायचं. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कळलंच नाही. पुडी देताना त्याची बोटं जरा रेंगाळायची. नवा बोर्ड मी बसवलाच नाही.

गेट हाताने ढकलून ताई वैतागली. "एका गेटला किती डायोड लागतात गं? खरं काय ते सांगून टाक त्याला."

"सांगते गं, घाई काय आहे?"

एकदा तोच म्हणाला, "कोर्स लावलाय. शनिवारपासून."

"कशाला?"

"तुझे प्रश्न संपत नाहीत ना... तुला नीट समजावता यायला हवं."

तेव्हा सांगायला हवं होतं. जीभच रेटली नाही. म्हटलं, सोमवारी सांगू.

शनिवारी नव्या बॅचला पाठमोरी उभी राहून मी फळ्यावर 'चोवीस व्होल्ट' लिहिलं. तोंडात त्याचेच शब्द बसले होते. "तीन प्रश्न विचारायचे. लाइन किती व्होल्टची?" म्हणत वळले, तर—शेवटच्या बाकावर तो. इस्त्रीचा शर्ट, कोरी वही. त्याने वही मिटली आणि आवाज न करता निघून गेला. मी मागे धावले नाही. तास पूर्ण केला.

सोमवारी काउंटरवर गेले. "बोला मॅडम," तो म्हणाला.

"थट्टा नव्हते करत रे. तू आवडतोस मला. तू बोलत राहावंस, एवढंच..."

तो पुडी बांधत राहिला. "मलाही आवडायचीस. तुझ्यापुढे चुकू नये म्हणून घरी पुस्तक काढून वाचायचो."

"मग आता?"

"आता तुझ्यापुढे काही सांगायला गेलो, की वाटेल तू मनात मार्क देतेयस."

"नाही रे!"

"नसशील. मला वाटेल ना पण." त्याने पुडी पुढे सरकवली, बोटं लगेच मागे घेतली. "सव्वीसचा आहे. बरोबर ना, मॅडम?"

बरोबर होता. मी नुसती मान हलवली.

घरी येऊन तो बोर्डावर लावला आणि बोर्ड बसवला. वर्ष झालं त्याला. अजून वीज कडाडली की मी धावत जाऊन गेटचं बटण दाबते. गेट मुकाट उघडतं.

"बघ, काही बिघडलं नाही," ताई म्हणते.

बिघडलं असतं तर बरं झालं असतं गं, ताई. निदान दुकानात जाता तरी आलं असतं.