ग्लेनचे काळे बूट

दार लोटून घ्या रे पोरांनो, नदीवरचा वारा पार हाडांत शिरतोय. क्लब सुटेपर्यंत आता टॅक्सीला गिऱ्हाईक नाही. किटली ठेवा कुणीतरी. मघाशी विचारत होतात ना, मॅल्कमनं रात्रीची गाडी एकाएकी का सोडली? सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मॅल्कम आपलाच माणूस. तीस वर्षं त्यानं या न्यूकॅसलमध्ये रात्रीची टॅक्सी चालवली, पण एका गल्लीत कधी शिरला नाही. नदीकडे उतरणारी ती दगडी गल्ली, जिथे एका जुन्या नाइट क्लबची मागची बाजू येते. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी वळसा घालून जायचा. आम्ही त्याची टर उडवायचो, "काय रे, तिथे जुनी मैत्रीण राहते का?" एरवी प्रत्येक टोमणा परतवणारा गडी, यावर मात्र उठून गाडीची काच पुसायला जायचा.

गेल्या साली नाताळच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. त्या रात्री आपलं गाव कसं असतं ते तुम्हाला काय सांगायचं! हाडं गोठवणारी थंडी, आणि पोरी बिनकोटाच्या. मॅल्कमची सुट्टी होती. टीव्हीपुढे पाय पसरून बसला होता, तेवढ्यात त्याच्या मुलीचा, जेमाचा फोन.

"डॅड, टाच तुटली माझी."

"पायाची?"

"बुटाची रे! माझे ते सपाट बूट घेऊन ये ना. सगळीकडे काचा पडल्यात, अनवाणी कशी येऊ?"

"आहेस कुठे?"

तिनं क्लबचं नाव सांगितलं. ते मधल्या काळात दोन-तीनदा बदललेलं, त्यामुळे त्याला कळेना. मग तिनं पत्ता सांगितला. तो त्याच गल्लीवरचा क्लब निघाला.

आता आधीचं सांगतो, नाहीतर पुढचं उमगायचं नाही. मॅल्कम एकोणीस वर्षांचा असताना त्याचा एक जिवलग दोस्त होता, ग्लेन टर्नबुल. तेव्हा त्या क्लबात स्पोर्ट्स शूज घालून आलेल्याला दारातूनच हाकलत. काळे चामडी बूटच हवेत. दोघांत असा जोड एकच, ग्लेनचा. त्याच्या आईनं नोकरीच्या मुलाखतीसाठी घेऊन दिलेला. मग केली आपल्या गावच्या पोरांची नेहमीची युक्ती. एकानं बूट घालून आत जायचं, मुतारीच्या खिडकीतून ते मागच्या गल्लीत उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या हातात द्यायचे, की तोही पुढच्या दारानं आत.

"तू जा आधी," ग्लेन म्हणाला. "नाचायला तुझेच पाय शिवशिवतायत."

त्यानं आपले बूट काढून दिले. मॅल्कमचे स्पोर्ट्स शूज त्याच्या दांडग्या पायांत शिरेनात. ते हातात धरून बिचारा नुसत्या मोज्यांवर त्या गारठलेल्या दगडांवर उभा राहिला.

मॅल्कमला आत एक मुलगी भेटली. हे गाणं झालं की देऊ बूट, असं म्हणाला. मग आणखी एक गाणं. विसरला असेल, असं तुम्ही म्हणाल. नाही. तो एकदा मुतारीत गेला होता, खिडकीवरची टकटकही ऐकली होती, आणि पोरगी हातची जाईल म्हणून तसाच माघारी फिरला. हे त्यानंच मला सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघवत नव्हतं त्याला.

क्लब सुटल्यावर तो मागे गेला. ग्लेन नव्हता. खिडकीखाली मॅल्कमचे शूज नीट जोडीनं ठेवलेले, नाड्या आत खोचलेल्या. रुसून गेला वाटतं, म्हणून मॅल्कम हसला.

ग्लेन दोन दिवसांनी टाइन नदीत सापडला. धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरला असणार. पायांत नुसते मोजे. नशेत बूट भिरकावून दिले असतील, असं जो तो म्हणाला. मॅल्कमनं तोंड उघडलं नाही. मोजे आईनं स्वतः विणलेले होते, करडे, आणि करडी लोकर संपली म्हणून एका टाचेला लाल. तिनं ते धुतले, आणि तेच घालून त्याला पुरलं.

दफनाला मॅल्कम गेला तो ग्लेनचेच बूट घालून. काळे बूट त्याच्याकडे दुसरे होते कुठे? मिसेस टर्नबुलनं एकदा त्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सँडविच घे बाळा, सकाळपासून काही खाल्लं नसशील."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. घरी येऊन बूट खोक्यात घातले, दोरीनं बांधून माळ्यावर टाकले. पुढे त्या क्लबातल्या मुलीशीच लग्न केलं. जेमा त्यांचीच. आणि दर रविवारी तो मिसेस टर्नबुलकडे जायचा, कधी पन्हळी साफ करून दे, कधी दिवे बदलून दे. लोक म्हणायचे, किती गुणाचा पोरगा! ते ऐकलं की हा मान फिरवायचा.

तर त्या शुक्रवारी लेकीसाठी तो तिथे गेला. दारावरचा बाउन्सर म्हणाला, "काय काका, नाचायला?"

"मुलीचे बूट द्यायला."

"जा. पण नाचात रमलात तर घरी कळवा हां!"

जेमाला बूट दिले. "कोट घेऊन येते, थांब इथेच," म्हणून ती गेली. मुतारी समोरच होती. त्याला जायचं नव्हतं. पण पाय वळले.

आत कुणी नव्हतं. दार मागे लागलं, आणि गाणं एकदम लांब गेलं.

टकटक.

खिडकी तीच.

टकटक...

मॅल्कम हलला नाही. खिडकी आपली आपणच उघडली. आत वारा आला. नदीचा वास आला.

मग हात आला.

नुसता हात. भिजलेली बाही. तळवा वर... मागणारा. बोटांवरून पाणी टपकत होतं.

"ग्लेन...?"

हात आणखी आत आला.

मॅल्कमनं आपल्या पायांतले बूट काढले. त्या हातात ठेवले. बोटांनी ते चाचपले. हळूच खाली सोडले. तळवा पुन्हा वर.

"तुझे घरी आहेत... माळ्यावर."

हात तसाच.

"उद्या देतो."

तसाच.

"तुझ्या आईला... सांगतो. टकटक ऐकली होती, तेसुद्धा."

बोटं मिटली. हात गेला.

जेमानं कुणाला तरी आत पाठवलं, तेव्हा हा नुसत्या मोज्यांत फरशीवर बसून लहान पोरासारखा रडत होता.

सकाळी त्यानं मला बोलावून किल्ल्या हातात दिल्या, म्हणून गाडी मी चालवली. त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. मिसेस टर्नबुलच्या स्वयंपाकघरात त्यानं खोकं टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. काही म्हणता काही लपवलं नाही. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"मला दिसलं होतं रे," ती म्हणाली. "दफनाच्याच दिवशी. पॉलिश मीच केलं होतं त्यांना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून. दर रविवारी चहा ठेवताना वाटायचं, आज सांगेल."

मॅल्कमची मान खाली गेली ती वर येईना. मलासुद्धा तिथे उभं राहवेना.

"उघड ते," ती म्हणाली.

दोरी तीच, गाठ तीच, वर धुळीचा थर. त्यानं सुरीनं दोरी कापली.

बूट नव्हते.

करडे मोजे होते... ओले. एका टाचेला लाल लोकर.

म्हातारीनं ते उचलले. मोजे पिळले आणि हीटरवर जोडीनं वाळत घातले.

याला आता वर्ष होत आलं. परवाच मी तिच्याकडे जाऊन आलो. हीटर एवढा तापला होता की हाताला चटका बसला. मोजे अजून तिथेच आहेत. त्यांच्याखाली तिनं एक वाडगा ठेवलाय. रोज सकाळी तो रिकामा करावा लागतो, म्हणाली.