मोहाखालचा धूर

"धरा रे घट्ट!" कुलदीपमामा ओरडला आणि लाल स्पोर्ट्स कार वळण घेऊन घाट चढू लागली.

मागच्या एवढ्याशा सीटवर रीना आणि पिंकी एकमेकींवर आदळल्या. पुढे ऐटीत बसलेला प्रफुल खो-खो हसू लागला.

"हसून काय राह्यला? मांगं बसून दाखव ना!" रीना म्हणाली. "ही सीट आहे का टिफिनचा डबा?"

"या गाडीला मागे सीट आहे हेच नशीब समज!" मामा म्हणाला. "अशा गाड्या दोघांसाठीच असतात."

"मग मी तिसरी का चौथी?" पिंकीनं विचारलं. ती दहा वर्षांची. प्रफुल आणि रीना तिची मोठी भावंडं.

मामा पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होता. जयंतीसाठी तो बल्लारपूरला आला होता. काल रात्री मिरवणुकीत सगळे मनसोक्त नाचले होते आणि रीनाच्या केसांत निळा गुलाल अजून तसाच होता. आज सुट्टी! म्हणून मामा भाचरांना घेऊन आलापल्लीच्या पुढच्या डोंगरांत फिरायला निघाला होता. गाडीचं छप्पर उघडं होतं. दोन्ही बाजूंना साग आणि मधूनच पळसाची झाडं मागे पळत होती. खाली दरीत एक नाला वाळूची रेघ होऊन पडला होता.

"थांबा! इथे फोटो!" एका मोठ्या सागाजवळ मामानं गाडी रस्त्याखाली उतरवली. सागाची वाळलेली पानं चाकांखाली पापडासारखी कडकड मोडली.

"इंजिन बंद कर ना मामा," रीना म्हणाली.

"छे! दिवे लागलेले छान दिसतात. प्रफुल, गाडी पूर्ण येऊ दे हं. मी अर्धा कापला गेलो तरी चालेल!"

फोटो झाले. गाडी निघाली तेव्हा पिंकीनं नाक वर केलं. "मामा, काहीतरी करपल्यासारखा वास येते."

"नवीन गाडी तापली की असाच वास येतो," मामानं एका वाक्यात निकाल लावला.

पुढे रस्त्याला लागून मोहाचं एक भलंमोठं झाड होतं. झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली आणि तिच्यावर जुन्या साड्या अंथरलेल्या. त्यावर टपोरी पिवळी फुलं पडली होती. एक म्हातारी बाई ती वेचून टोपलीत टाकत होती.

"जोहार, आजी!" गाडीतून उतरत प्रफुलनं हाक मारली.

"जोहार, जोहार. कुठले गा तुमी?" ती हसली. तिचं नाव नीलाबाई. तिनं तिघांच्या हातावर एकेक फूल ठेवलं. फूल गोड होतं, पण त्याचा वास नाकात जाऊन बसला.

"आजी, आमच्या बाबांनी सांगितलं होतं, फुलं नीट दिसावीत म्हणून लोक मोहाखालचा पाला जाळतात. तुमी नाई जाळत?" रीनानं विचारलं.

"पयले जाळत होते. मंग आग जंगलात घुसे. आता आमच्या ग्रामसभेनं बंद केलं. म्या झाडू मारतो अन् साड्या टाकतो."

तोवर मामानं रस्त्याच्या कडेला पाल्यावर गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवूनच, पाच-सहा फोटो काढले. मग सगळे वर डोंगरमाथ्यावर गेले. तिथून निळे डोंगर एकामागे एक रांगेत उभे दिसत होते. पोरांनी पोळी-भाजी संपवली, मामानं अजून फोटो काढले आणि गाडी परत फिरली.

"मामा! धूर!" पिंकी किंचाळली.

मोहाच्या झाडाजवळ पाला पेटला होता! नीलाबाई एकटीच हिरव्या फांदीनं आग झोडपत होती. मामानं डांबरी रस्त्यावर गाडी थांबवली आणि पोरं उड्या मारून उतरली.

"वाऱ्याकडून या! धुराच्या समोर नोका येऊ!" नीलाबाई ओरडली.

पोरांनी ओल्या डहाळ्या तोडल्या आणि वाऱ्याकडे पाठ करून कडेकडेनं आग झोडपली. मामानं पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या, पाणी संपल्यावर संत्र्याचं सरबतही ओतलं. अखेर आग विझली. सगळ्यांची तोंडं काळी झाली होती.

तेवढ्यात फटफटीवर वनरक्षक आले. त्यांना सगळे लच्छूभाऊ म्हणत.

"खाली मोठ्या सागाजवळची आग आत्ताच विझवून येऊन राह्यलो, अन् आता इथी!" ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "नीलाबाई, पाला जाळलाच ना शेवटी?"

"म्या नाई लावली आग!"

"मंग कोनं? मोहाखाली आग म्हणजे मोहवाल्याचीच. ग्रामसभेचा ठराव तुमाले माहीत आहे. पाला जाळला तर झाड दुसऱ्या घराले जाते. सांजेले ग्रामसभेत मले सांगाच लागंल."

नीलाबाई मटकन खाली बसली. "सासूच्या काळापासून हे झाड आमच्या घराचं आहे, भाऊ. वर्षाची मीठ-मिरची याच्यावरच होते!"

पिंकीच्या डोळ्यांत पाणी आलं. रीना मात्र काळ्या पडलेल्या जागेकडे बघत होती.

"प्रफुलदादा, इकडे ये. आग झाडाखालून निघाली असती तर साड्या जळल्या असत्या ना? साड्या तर जशाच्या तशा आहेत!"

"आणि सगळ्यात जास्त जळलंय ते इथे, रस्त्याच्या कडेला," प्रफुल वाकून म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "अरे! हा तर आपल्या चाकाचा ठसा!"

"मोठ्या सागाजवळ पण आपण थांबलो होतो!" पिंकी डोळे पुसत म्हणाली. "अन् मले वास आला होता!"

तिघांनी एकदम मामाकडे पाहिलं.

"काहीतरीच काय!" मामा म्हणाला. "गाडी काय आग ओकते? हात लावून बघा, बॉनेट कोमट आहे फक्त!"

"आता कोमट आहे," रीना हळूच म्हणाली. तिनं प्रफुलच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मग मोठ्यानं म्हणाली, "मामा, लच्छूभाऊंनी अशी गाडी कधी पाहिली नसेल. त्यांना एकदा पळवून दाखव ना!"

"आता? इथी आत्ताच आग विझली अन्..." लच्छूभाऊ रागावलेच. पण रीनानं हात जोडले आणि ते रस्त्यातून बाजूला झाले.

मामाला काय, निमित्तच हवं होतं! गाडी घों-घों करत वर गेली आणि माथ्यावर वळून परत आली. तोवर प्रफुलनं रस्त्याच्या मधला कचरा साफ केला, एका लांब काठीच्या टोकाला सागाचं सुकं पान बांधलं. लच्छूभाऊंच्या हातात त्यांचीच पाण्याची कॅन दिली.

"बघितलंत पिकअप?" मामा रुबाबात उतरला.

"आता तू बघ, मामा!"

प्रफुल रस्त्यावर पालथा झाला आणि लांबूनच काठी गाडीखाली, सायलेन्सरच्या नळीला टेकवली. पान आक्रसलं. त्याला काळा डाग पडला. डागाची कड लाल झाली आणि धुराची बारीक रेघ वर आली.

"काढ! बाहेर काढ!" लच्छूभाऊंनी त्यावर पाणी ओतलं. चर्र!

मामाचा चेहरा गाडीपेक्षा लाल झाला.

"नळी तापते हे मला कारखान्यातली पोरंसुद्धा सांगतील," तो हळू आवाजात म्हणाला. "मीच शिकवतो त्यांना. पण खाली पाला आहे, हे बघितलंच नाही. आजी, चूक माझी. संध्याकाळी ग्रामसभेत मी स्वतः सांगतो. दंड काय तो भरतो."

"अन् रस्त्याकडचा पाला?" पिंकीनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"तोही झाडतो, बाई!"

खरंच, पुण्याचा इंजिनियर फांद्यांचा झाडू घेऊन भर उन्हात पाला गोळा करू लागला. प्रफुल आणि रीना त्याच्या मदतीला धावले.

लच्छूभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. "नीलाबाई, मी न बघताच बोललो. माफ करा. झाड तुमचंच." मग ते पोरांकडे वळले. "तुमी नसते तर मी आज चुकीचा निरोप घेऊन गेलो असतो. शाबास रे! तुमच्या मामाची गाडी लय पळते, पण डोळे तुमचे तेज आहेत."

नीलाबाई उठली. तिनं पदरानं पिंकीचं काजळी लागलेलं तोंड पुसलं.

"आमच्या गावात दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी वेचाले जात नाई," ती म्हणाली. "घरच्यानंच वेचायचं." आणि तिनं आपली टोपली पिंकीच्या हातात दिली. "चाल. तिकडल्या बाजूले अजून फुलं पडली आहेत."