पर्निकिटी

“पर्निकिटी म्हणजे काय रे? आणि हा शब्द आला कुठून?”

एका दमात विचारायचं आणि हसायचं नाही, अशी पैज लागली होती. मैत्रिणी चष्म्याच्या दुकानाबाहेर काचेला नाकं लावून उभ्या होत्या. तोफेनं — धडाधड बोलते म्हणून वर्गात तिला सगळे तोफच म्हणत — पैज जिंकली खरी, पण विचारून झाल्यावर तिचेच कान तापले. कारण इंग्रजीच्या बाईंनी हा शब्द ज्याला चिकटवला होता, तोच समोर होता. तिच्या मागच्या बाकावरचा, शाळा सुटली की वडिलांच्या दुकानात बसणारा.

त्यानं हातातला स्क्रू डबीत ठेवला. झाकण लावलं. मग वर पाहिलं.

“बारीकसारीक गोष्टींवरून किटकिट करणारा. शब्द मूळचा स्कॉटलंडचा. अमेरिकेत गेल्यावर त्यात एक ‘स’ घुसला.”

“आणि त्याच्या आधी?”

“कुणालाच माहीत नाही. एका शब्दकोशात ‘मूळ अज्ञात’ लिहिलं होतं. पटलं नाही, म्हणून दुसरा पाहिला. मग तिसरा…”

पैज संपली होती. आता हसायला हरकत नव्हती. तोही हसला, थोडासा.

“राग नाही येत? सगळे चिडवतात तुला.”

“यायचा. आता वाटतं, या शब्दाला स्वतःचं घरच माहीत नाही… तर राहू दे बिचाऱ्याला माझ्याकडे.”

तोफेनं स्क्रूची डबी उचलून कानाशी खुळखुळवली.

“तू चष्मा का लावत नाहीस?” त्यानं हळूच विचारलं.

“मी? मला कशाला…”

“फळ्यावरचं तू शेजारणीच्या वहीत बघून उतरवतेस. ती आली नाही की तुझी गणितं चुकतात.”

हे घरीसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. मार्क घसरले म्हणून आईबाबांनी शिकवणी ठरवली होती, “वर्गात गप्पा कमी मार,” असं रोज ऐकवत होते. ती मुकाट्यानं ऐकून घ्यायची. चष्मा लागला तर मैत्रिणी काय काय म्हणतील, याची धास्ती त्याहून मोठी होती.

“माझ्याकडे बघत असतोस?”

“समोरच तर बसतेस…” आता त्याचे कान लाल झाले. “उद्या बाबा नंबर काढतील. फ्रेम तेवढी बघून ठेव.”

एक रुंद झाली. एक नाकावरून घसरली. तिसरी तिला आवडली, पण यानं मान हलवली. म्हणे, डावी काडी कानाला टोचतेय. ती काडी त्यानं गरम केली, जराशी वाकवली, फुंकर घालून दिली. पुन्हा काढून घेतली.

“सगळ्या गिऱ्हाइकांना इतकं छळतोस?”

“नाही…” तो काडीशीच बोलल्यासारखा म्हणाला, “इतकं नाही.”

ती आरशात बघत राहिली. आपल्याला कुठे टोचू नये म्हणून कुणी एवढा खटाटोप करावा — याला किटकिट म्हणायचं? मग फ्रेम डोळ्यांवर तशीच ठेवून ती काचेबाहेरच्या मैत्रिणींकडे वळली. त्या हसल्या. एकीनं बोटांचे गोल करून डोळ्यांना लावले. तोफेनंही लावले.

संध्याकाळी आई कपडे इस्त्री करत होती, बाबा शिकवणीच्या सरांना फोन लावत होते.

“बाबा, फोन ठेवा जरा.”

बाबांनी ठेवला.

“मला शिकवणी नको, चष्मा हवाय. फळा दिसत नाही मला, कधीपासूनच. चिडवतील म्हणून सांगितलं नाही. चिडवू देत. उद्या नंबर काढायला जायचंय… आणि फ्रेम ठरलीय.”

“कुणी ठरवली?” आईनं इस्त्री उभी केली.

“आम्ही,” ती म्हणाली.